कातरण

औलूच्या इस्पितळाच्या तळघरात, नोव्हेंबरात,
दुपारी तीनलाच बाहेर अंधारून येतं तेव्हा
आम्ही काचेवर औषध ओततो.
ओततो म्हणजे पसरतो,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं पातळ.

पहिल्या खेपेला बुडबुडे आले.
सातवी अशी चिकटली की रेइयाने नखांनी खरवडली
आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.
सतरावी छान सुटली,
पण हीटरच्या कोरड्या हवेत कडकन मोडली.
ग्लिसरीन वाढवलं तर बोटं सोडेना.
चवीचं विचारूच नका:
चौकोनभर जिभेवर ठेवला, थुंकला,
तरी रात्रीच्या दुधालाही तोच कडवटपणा.

हे सगळं कुणासाठी, तर साइमीसाठी.
वजन दोन किलो नऊशे.
तिच्या हृदयाला हवी असलेली गोळी
कारखान्यात थोरांच्या मापाने घडते.
नाकापेक्षा मोती जड.

तिचा बाप यालमारी होड्या बांधतो.
पाइनच्या फळीतली अर्ध्या मिलिमीटरची चूक
त्याच्या अंगठ्याला डोळ्यांआधी कळते.
तोच माणूस स्वयंपाकघरात, पाव कापायच्या पाटावर,
ब्लेडने एका गोळीचे आठ भाग करायचा.
दोन होत. चार होत. मग चुरा.
एकदा ती पुडी माझ्या काउंटरवर उघडून म्हणाला,
"जे उडून गेलं ते मोजायचं कसं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. रजिस्टर होतं.

आता ही पट्टी आहे, तीस मिलिमीटरची.
औषध या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं,
म्हणून लांबी हाच डोस.
पहिल्या दिवशी मी नऊ मिलिमीटर कापले.
यालमारीने खिशातून घडीची लाकडी पट्टी काढली,
मधला सांधा ढिला झालेली,
तुकड्याशेजारी धरली,
मान हलवली.
मग तो तुकडा साइमीच्या गालाच्या आत.
काहींच्या तोंडात तीळ भिजत नाही, तसं झालं:
आठ आकडे मोजेपर्यंत
पट्टी आपलं सगळं सांगून मोकळी.
साइमीने ओठ चाटले. रडायचं विसरली.

उरलं ते कातरण, एकवीस मिलिमीटर.
नियम असा की कातरणही मोजायचं, लिहायचं,
दोघींनी सही करायची, मग नष्ट करायचं.
जे तिला लागलं नाही
त्याचाही हिशोब.

जानेवारीत अकरा.
मार्चमध्ये, बर्फावरचे स्कीचे माग ओले होऊ लागले तेव्हा, चौदा.
मग एकदम तेरा: जुलाब, ताप, वजन उतरलेलं.
त्या आठवड्यात कातरण वाढलं.
मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही.
रेइया म्हणाली, "एकच तर मिलिमीटर."
मी म्हटलं, हो.
आणि कात्री नको तितका वेळ पुसत बसले.

जूनमध्ये, रात्र होतच नाही त्या दिवसांत, वीस.
यालमारी सांगत होता,
होड्यांच्या शेडच्या चौकटीवर तो पेन्सिलीने खुणा करतो,
डावीकडे तिची उंची,
उजवीकडे पट्टीची लांबी.
"दोन्ही वर चाललेत," म्हणाला, आणि खोकला,
खोकला नव्हता तो.

यंदाच्या मे महिन्यात, मंगळवारी,
वजनकाट्यावर ती बसेचना,
उभी राहिली, काट्याची कड धरून.
आकडा स्थिर व्हायला वेळ लागला.
मी गणित केलं, पुन्हा केलं,
आणि कात्री बाजूला ठेवली.
तीस.
अख्खी पट्टी.

कातरणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
शून्य लिहावं लागतं.
लिहिलं. जरा मोठंच लिहिलं गेलं.
रेइयाने खाली सही केली,
शाई सुकायची वाट पाहिली, आणि म्हणाली,
"पुढच्या महिन्यासाठी लांब काच मागवायला हवी.
ही पुरणार नाही."